दारुड्याचं काम

"तू दारुडा हो."

सर असं म्हणाले आणि वर्ग हसला.

पहिलाच आठवडा. मी अजून कोणाला नावानं ओळखत नव्हतो. वर्गाच्या मधोमध दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. एक गादीची, हातांची. दुसरी नुसती लाकडी. सर विलायतेत शिकून आलेले. तिकडे म्हणे पेशंटशी कसं बोलायचं ते असंच शिकवतात. एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं पेशंट. बाकीच्यांनी बघायचं आणि नंतर चर्चा करायची.

सरांनी आमच्यावरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी नाव विचारलं नाही. आडनाव त्यांना आधीच माहीत होतं.

"तू दारुडा हो. तुला काही शिकवावं लागणार नाही."

"सर, मी कधी दारू पिलो नाही," मी म्हणालो.

"पिऊन कुठं दाखवायचंय? घरात, वस्तीत बघितलं असशीलच की. तसं कर."

पुन्हा हसू. डॉक्टर म्हणून त्यांनी अनिरुद्धला उठवलं. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. स्वतःही डॉक्टर. सरांनी त्याला आधी "बाबा कसे आहेत?" म्हणून विचारलं आणि मग गादीच्या खुर्चीवर बसवलं.

मी लाकडी खुर्चीवर बसलो.

हे सेलूच्या रस्त्यावरचं मानसिक आजारांचं इस्पितळ. एका ट्रस्टचं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं. जिल्ह्यात दारूबंदी होऊन काही वर्षं झाली होती आणि दारू होतीच. नाल्यात होती. कापसाच्या पऱ्हाटीत लपवलेली होती. नदीपलीकडून सायकलच्या ट्यूबमध्ये भरून येत होती. म्हणून ट्रस्टनं व्यसनाच्या रोग्यांसाठी वेगळा वॉर्ड काढला आणि त्याला जोडून पदव्युत्तर पदविका सुरू केली. डॉक्टर झालेल्यांसाठी आणि मानसशास्त्रात एम.ए. केलेल्यांसाठी. शिकवायचं सगळ्यांना एकत्र. औषध डॉक्टरांनी द्यायचं, बोलून उपचार आम्ही करायचे.

मी एम.ए. केलं होतं. नागपुरात, वसतिगृहात राहून. आंजीच्या आमच्या मोहल्ल्यातून एम.ए. झालेला मी पहिला.

बाबा जिनात कापसाचे बोजे उचलायचे. धम्म घेतला तेव्हा ते नागपूरला पायी गेले होते. परत आल्यावर मोहल्ल्यातल्या माणसांनी मिळून दारूची मडकी फोडली. त्यात बाबा पुढं. आमच्या घरी रोज दिवेलागणीला पंचशील म्हटलं जायचं. पाचवं शील दारूचं. ते म्हणताना बाबांचा आवाज चढायचा. लहानपणी मला वाटायचं, बाबा कोणावर तरी रागावलेत.

तर मी जवळून दारुडा पाहिला होता तो फक्त सिनेमात. टुरिंग टॉकीजमध्ये, मातीत मांडी घालून. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. सगळी टॉकीज हसायची. मीही हसायचो.

तेच केलं. झुललो. खुर्चीवरून घसरलो. "मले काई झालं नाई, डॉक्टरसाब, मले काई झालं नाई," म्हणालो.

वर्ग कोसळला. कोणी बाकावर हात आपटला. सरांनी टाळ्या वाजवल्या.

"अस्सल," ते म्हणाले. "याला म्हणतात अस्सल. घरातून आलेलं असतं हे."

सिनेमातून आलं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं.

त्या दिवसापासून ते काम माझं झालं. दर आठवड्याला व्यसनाचा तास. दर तासाला दोन खुर्च्या. डॉक्टर बदलायचे. सगळ्यांची पाळी यायची. अनिरुद्धची जास्त यायची. पेशंट बदलायचा नाही. कधी मी बायकोला मारणारा दारुडा. कधी नोकरी गेलेला. कधी रक्ताची उलटी करणारा. सर म्हणायचे, "तुझी भाषा तशीच ठेव हं. मले, तुले. त्यानं खरं वाटतं." म्हणजे डॉक्टरनं पुस्तकासारखं बोलायचं आणि दारुड्यानं माझ्या आईसारखं.

मेसमध्ये मला नाव पडलं. "ए बेवड्या, वरण सरकव."

मी एकदा सरांना खोलीत जाऊन विचारलं. म्हणालो, "सर, मला डॉक्टरच्या बाजूनं बसू द्या. मला पुढं तेच काम करायचंय. मुलाखत घ्यायला कधी शिकणार मी?"

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं.

"हे बघ. प्रत्येकाची एक ताकद असते. तुझी ही आहे. आणि दुसरं म्हणजे, पेशंटला समोरच्याकडे वर बघता आलं पाहिजे. तुझ्यात त्याला स्वतःचंच दिसणार. मग तो बरा कसा होणार?"

मी "हो सर" म्हणालो आणि बाहेर आलो.

दुसऱ्या वर्षी, थंडीत, बाबा भेटायला आले. आईनं तुरीच्या शेंगा उकडून दिल्या होत्या. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. शिपायानं विचारलं, कोणाचे. त्यांनी माझं नाव सांगितलं. शिपाई भला माणूस. "तास चालू आहे, मागं बसा," म्हणून त्यानं त्यांना वर्गात आणून शेवटच्या बाकावर बसवलं.

मला दिसलं नाही. मी तेव्हा जमिनीवर होतो. त्या दिवशी दारुडा नालीत पडतो असा प्रसंग होता. सरांनी स्वतः सांगितलेला. मी बाकांच्या मधल्या जागेला नाली समजून त्यात लोळत होतो आणि म्हणत होतो, "उचल ना बे मले, उचल ना." वर्ग पोट धरून हसत होता. मी मान वळवली आणि धोतराचे काठ दिसले. मग चप्पल. मग चेहरा.

बाबा हसत नव्हते. शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही हातांनी घट्ट धरून.

मी उठलो. सर म्हणाले, "अरे, मध्येच का थांबलास?"

तास संपल्यावर आम्ही बाहेर कडूनिंबाखाली बसलो.

"हे काय होतं रे?"

"शिकवनं होय, बाबा. डॉक्टरनं पेशंटसंग कसं बोलाव, थे शिकवतेत."

"मंग तू डॉक्टर काऊन नाई झाला?"

मी सदऱ्यावरची धूळ झटकली.

"अशी पाळी साऱ्याइची येते का तुह्याच वाट्याले हाये?"

मग बाबांनी मला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"तुह्या आज्याले मी नालीतून उचलून आनो. लहान होतो मी. माय त्याचे पाय धरे, मी हात. थो असा झुले नाई. गानेगिने म्हने नाई. थो रडे. घरी येईलोक रडत ये. म्हने, मले सोडून द्या, मी सुटत नाई याच्यातून. रस्त्यानं लोकं उभे राहेत. मंग मान फिरवून घेत. हासे नाई कोनी."

"मले माईत नव्हतं, बाबा."

"सांगाची गोष्ट होय का थे?"

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. बस यायची होती. रस्त्याकडं चालता चालता थांबले.

"त्याहिले सांगजो," ते म्हणाले. "दारुडा असा नसते."

मी मान हलवली. बस आली, बाबा गेले. मी शेंगा खाल्ल्या नाहीत. पण पुढच्या तासाला सर म्हणाले, "चल," आणि मी पुन्हा लाकडी खुर्चीवर जाऊन बसलो. पदविका पाहिजे होती. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून आलो होतो.

मग महादेव आला.

केळझरचा. कुणबी. थोडी शेती, दोन बैल. रविवारी दुपारी त्याची बायको गिरिजाबाई आणि त्याचा भाऊ त्याला बैलगाडीत घालून घेऊन आले. पोलिसांनी त्याला बाटलीसह पकडलं होतं आणि लॉकअपमध्ये ठेवलं होतं. तिथं अर्थात दारू मिळाली नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या पिणारा माणूस. त्याची एकदम तुटली. सोडून दिलं तेव्हा तो थरथरत होता.

मी वॉर्डात होतो. महादेवला जवळ जाऊन पाहिलं. अंग घामानं निथळत होतं. हात असे थरथरत होते की बायकोनं दिलेल्या पेल्यातलं पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं. अंगात ताप. डोळे भिंतीवर काहीतरी शोधत होते. कुठं आहे, कोण समोर आहे, काही समजत नव्हतं.

हे सरांनीच शिकवलं होतं. फळ्यावर लिहून. रोजची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत असं होतं. नसलेलं दिसतं, ताप चढतो. वेळेवर औषध दिलं नाही तर माणूस जातो. आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं होतं. अनिरुद्धनंही.

ड्यूटी अनिरुद्धची होती. तो आला. उभ्यानं बघितलं. महादेव हवेत बोटं हलवत होता, काहीतरी वेचत होता.

अनिरुद्ध हसला.

"पुन्हा लॉकअप नको म्हणून नाटक आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "तू याच्यापेक्षा बरं करतोस."

मी म्हणालो, "अनिरुद्ध, नाटक नाही हे. ताप बघ. नाडी बघ."

"डॉक्टर कोण आहे?"

"तू आहेस. म्हणून तुला सांगतोय."

"मग मला बघू दे."

त्यानं वॉर्डबॉयला सांगून महादेवचे हात पलंगाला बांधले. पट्टीनं. आणि डिस्टिल वॉटरचं इंजेक्शन दिलं. पाण्याचं. नाटक करणाऱ्यांसाठी वॉर्डात ते ठरलेलंच होतं. दंडात चांगलं दुखेल असं द्यायचं, म्हणजे नाटक उतरतं.

गिरिजाबाईला वाटलं, औषध दिलं. तिनं हात जोडले. "देवावानी भेटले जी तुम्ही."

मी धावत सरांच्या बंगल्यावर गेलो. बंगला आवारातच होता. सर जेवत होते. मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. आतून वाढण्याचे, बोलण्याचे आवाज येत होते. पाहुणे होते. बऱ्याच वेळानं सर हात पुसत बाहेर आले.

मी सगळं सांगितलं. दारू कधीपासून बंद आहे ते. ताप. थरथर. नसलेलं दिसतंय ते.

"अनिरुद्ध आहे ना तिथं?"

"आहे सर. तो नाटक म्हणतोय. पाण्याचं इंजेक्शन दिलंय. सर, तुम्हीच शिकवलं होतं की अशा वेळी..."

"मी शिकवलं ते डॉक्टरांना," सर म्हणाले. "तू बोलायचं काम शीक. उगाच डॉक्टरांच्या कामात हात घालू नकोस." मग जरा मऊ आवाजात, "आणि मंगळवारी पाहुणे प्राध्यापक येताहेत. तुझी तयारी करून ठेव."

ते आत गेले. दार लागलं.

मी वॉर्डात परतलो. अनिरुद्ध निघून गेला होता. औषधाच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली डॉक्टरकडं असायची. मला दुसरं काही करता येत नव्हतं. मी महादेवच्या हाताच्या पट्ट्या सैल केल्या. मनगटं सोलली होती. शेजारी बसलो.

हात सुटल्यावर तो आधी घाबरला. मग त्याची नजर माझ्या सदऱ्यावर आली. तो पुढं वाकला.

"हालू नोको," तो म्हणाला. "मुंग्या हायेत तुह्या अंगावर. लाल हायेत. चावतीन तुले."

आणि तो माझ्या सदऱ्यावरच्या मुंग्या वेचायला लागला. एकेक. चिमटीत धरून बाजूला टाकत. हात थरथरत होता तरी जपून. माझ्या खांद्यावरून, कॉलरवरून. मला लागू नये म्हणून. तापानं फणफणलेला माणूस, स्वतःचं नाव विसरलेला, आणि त्याला काळजी की मला मुंगी चावेल.

मी हललो नाही. तो दमेपर्यंत बसून राहिलो.

सोमवारी सकाळी त्याला झटके आले. आता अनिरुद्धही पळत आला. आता खरं औषध निघालं, सलाईन निघालं. उशीर झाला होता. सूर्य चढायच्या आत महादेव गेला.

मृत्यूचं कारण लिहिलं, हृदयक्रिया बंद पडली. कोणाची पडत नाही?

गिरिजाबाई रडली नाही. पलंगापाशी उभी होती. अनिरुद्ध जात होता. तिनं त्याला थांबवलं.

"डॉक्टरसाब, तुम्ही म्हनत होते, नाटक करून राह्यला. पोलिसवालेबी थेच म्हनत होते." तिनं महादेवच्या तोंडावरची चादर सरळ केली. "आता तं खरं माना."

अनिरुद्ध निघून गेला. मी तिथं उभा होतो. तिच्या दिरानं बैल जुंपले. ज्या गाडीतून आणलं त्याच गाडीतून नेलं.

मंगळवारी पाहुणे आले. वेगवेगळ्या गावचे प्राध्यापक. पहिल्या रांगेत बसले. सरांनी त्यांना आमच्या प्रशिक्षणाबद्दल सांगितलं. आमच्याकडं पुस्तकी शिक्षण नाही, म्हणाले. प्रत्यक्ष अनुभव आहे. मग दोन खुर्च्या.

"अनिरुद्ध, तू डॉक्टर." माझ्याकडं बघितलं. "आणि तू. आज आपण दारू तुटलेला रोगी दाखवू. परवा वॉर्डात होता बघ, तसाच. मुंग्या वेचणारा. तू बघितलायस तो जवळून."

मी उठलो. सवयीनं उठलो. दोन पावलं पुढंही गेलो. आणि माझा हात आपोआप खांद्यावर गेला, जिथून त्यानं मुंग्या वेचल्या होत्या.

मी थांबलो.

"सर, तो माणूस काल मेला. मी त्याचं नाटक करणार नाही."

पाहुण्यांपैकी एकानं चष्मा काढला. सर हसले. "केस अंगाला लावून घ्यायची नसते. चल, बस."

"तो रविवारी आला. जिवंत आला. त्याला खरंच मुंग्या दिसत होत्या. त्याला पाण्याचं इंजेक्शन दिलं आणि बांधून ठेवलं. मी तुमच्या बंगल्यावर आलो होतो. तुम्ही जेवत होता."

एवढं बोललो. आवाज माझाच आहे का, असं वाटत होतं. वर्गात पहिल्यांदा मी शुद्धीवरच्या माणसाच्या आवाजात बोलत होतो.

सर पाहुण्यांकडं वळले. "काही विद्यार्थ्यांना तटस्थपणा शिकवायला वेळ लागतो," ते इंग्रजीत म्हणाले. "पार्श्वभूमी आड येते." मग मराठीत वर्गाला, "ठीक आहे. हा नाही म्हणतोय. दुसरं कोण करतंय दारुड्याचं काम?"

कोणी हात वर केला नाही.

"अरे, कोणीतरी या. साधं काम आहे."

सगळे बाकाकडं बघत होते. इतक्या महिन्यांपासून जे माझ्या नावानं टाळ्या वाजवत होते, ते. ज्याला सर ताकद म्हणत होते, ती एकालाही नको होती. पाहुण्यांसमोर दारुडा व्हायला एकही हात उठला नाही.

तेव्हा मला स्वच्छ दिसलं. मला कोणी काही शिकवत नव्हतं. माझ्यावर ते शिकत होते. दारुडा म्हणजे हसायची गोष्ट, दारुडा म्हणजे खालचा, दारुडा म्हणजे नाटक, हे ते दर आठवड्याला माझ्या अंगावर गिरवत होते. आणि खरा माणूस समोर आला तेव्हा त्यांना तो ओळखू आला नाही. तो सिनेमासारखा दिसत नव्हता म्हणून.

"दारुडा असा नसते," मी म्हणालो. बाबांच्या बोलीत. मुद्दाम. "मले माईत हाये. माहा आजा दारू पे. थो रडे."

कोणी हसलं नाही. मी वर्गाबाहेर आलो. मागं सर म्हणत होते, चहा घेऊ या का आपण.

काही बदललं नाही. हे सांगायलाच पाहिजे, कारण अशा गोष्टी ऐकल्या की लोक विचारतात, मग पुढं काय झालं? चौकशी झाली का? नाही झाली. मी ट्रस्टच्या सचिवांना जाऊन भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू पिऊन मेलेल्या माणसासाठी तू एवढ्या चांगल्या संस्थेचं नाव खराब करणार? मी केळझरला गेलो. महादेवच्या भावानं दारातूनच हात जोडले. "गेला थो गेला. आता पोलिसाच्या लफड्यात नोको पाडू आमाले." गिरिजाबाई आत होती. बाहेर आली नाही.

वर्गातल्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मेसमध्ये मला बेवड्या म्हणणंही बंद झालं. कोणी काहीच म्हणेना.

परीक्षा झाली. लेखी पास. तोंडी परीक्षेला सर आणि बाहेरचे एक परीक्षक. त्यांनी विचारलं, "दारू अचानक बंद झाली तर काय होतं, सांगा."

मी म्हणालो, "केळझरचा महादेव नावाचा रोगी या इस्पितळात आला होता..."

सर म्हणाले, "पुस्तकातलं सांगा."

मी पुस्तकातलंही सांगितलं. लक्षणं, दिवस, औषधं, मात्रा, काय करू नये. सगळं. बाहेरचे परीक्षक मान डोलवत होते. निकाल लागला. नापास.

अनिरुद्ध पास झाला. नागपुरात त्याचा दवाखाना आहे. व्यसनमुक्तीचा म्हणून चांगला चालतो.

मी आंजीला परत आलो. जवळच्या गावात शाळेत मास्तर म्हणून लागलो. मोहल्ल्यात सुरुवातीला लोक विचारायचे, डॉक्टर कधी होणार? आता विचारत नाहीत. आईला वाटतं, मी त्या दिवशी गप्प बसायला पाहिजे होतं. ती बोलून दाखवते. भाकरी थापता थापता म्हणते, "एक डाव अजून लोळला असता तं का झालं असतं? इतके डाव लोळला." तिला काय सांगू? तिचंही चूक नाही. तिनं माझ्या शिक्षणासाठी आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं.

नंतर दर वर्षी पुन्हा परीक्षेला बसलो. पुन्हा नापास. मागच्या वेळी परीक्षेआधी सरांनी बोलावून घेतलं. केस पिकलेत त्यांचे. आवाज तसाच समजावणीचा.

"किती वर्षं घालवणार आहेस? वर्गासमोर उभा राहा आणि म्हण, भावनेच्या भरात बोललो. एक वाक्य. मग बघू."

"सर, महादेव कसा मेला ते तुम्ही वर्गासमोर सांगा," मी म्हणालो. "एक वाक्य. मग मीही बघतो."

त्यांनी दाराकडं बोट केलं.

जाताना वर्गावरून गेलो. खिडकी उघडी होती. नवी तुकडी. मधोमध एक जण झुलत होता आणि बाकीचे हसत होते. गडचिरोलीकडचा आहे म्हणे, गोंड. तास संपेपर्यंत मी थांबलो. तो बाहेर आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "नाही म्हण. तुला नाही म्हणता येतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मले पास व्हाचं हाये, सर," तो म्हणाला आणि पोरांच्या मागं मेसकडं गेला. त्याचं खोटं नव्हतं.

घरी आलो. बाबा खाटेवर बसले होते. जिनाचं काम सुटलंय त्यांचं, दम लागतो.

"पुन्यांदा बसशीन?" त्यांनी विचारलं.

"बसीन."

"पुन्यांदा पाडतीन."

"पाडतीन."

त्यांनी खाटेवर सरकून मला जागा केली.

मला खोटी आशा नाही. सर आहेत तोवर मला ती पदविका मिळणार नाही. सर गेले तर त्यांच्या जागी अनिरुद्धसारखाच कोणी येईल. वॉर्डात पाण्याची इंजेक्शनं चालूच आहेत. पोलीस लॉकअपमध्ये माणसं घालतातच आहेत आणि थरथरती माणसं बैलगाडीतून येतातच आहेत. त्यातली किती परत जातात, कोणी विचारत नाही.

पण पुढच्या परीक्षेला मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. बाहेरचा परीक्षक दर वेळी नवा असतो. त्यानं महादेवचं नाव ऐकलेलं नसतं. तो मला विचारणार, दारू अचानक तुटली की काय होतं? आणि सरांच्या शेजारी बसून त्याला ऐकावं लागणार. केळझरचा महादेव, रविवारी दुपारी जिवंत आला होता. तिथून मी सुरू करणार. पुस्तकातलं नंतर.

पाडा. मी पुन्हा येतो. पुन्हा तिथूनच सुरू करतो.